हॅम रेडिओ पुरात चालतो, पण आधी कनेक्टर उघडून बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत हॅम रेडिओवर, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी संदेशवहनावर, पानभर लेख आला तो वाचला आणि आधी बरंच वाटलं, कारण आमच्या छंदाबद्दल पेपरात येतं तेव्हा एकतर राजीव गांधीही हॅम होते एवढंच येतं, नाहीतर वाट चुकलेल्या कुणा म्हाताऱ्या माणसाला हॅमवाल्यांनी घरी पोचवलं अशी चौकट येते. यावेळी चक्क पॅकेट रेडिओबद्दल होतं, रेडिओला छोटा कॉम्प्युटर लावून मजकूर तुकड्यातुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत, कसा पाठवतात ते, म्हणून चहा बाजूला ठेवून वाचायला बसलो. पण त्यातलं एक वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. छोटा कॉम्प्युटर रेडिओला जोडला की झालं, मग पूर येवो नाहीतर भूकंप, मेसेज आणि फोटो व्हॉट्सॲपसारखे जात राहतात.

जोडला की झालं! अहो, मी चिपळूणला राहतो आणि त्या "जोडला की झालं"मध्ये माझे दोन पावसाळे, तीन मेमरी कार्डं आणि घरच्यांची बरीचशी सहनशक्ती खर्ची पडलीय. तुमच्या लेखकावर राग नाही, त्यांनी हौसेनं लिहिलंय. पण वाचणारा माणूस उद्या सामान विकत आणून कपाटात ठेवेल आणि आपली तयारी झाली असं समजून झोपेल, म्हणून हे पत्र. लांबलंय, काटछाट करायची असेल तर माझं रडगाणं कापा, तांत्रिक भाग ठेवा.

मी यात पडलो २२ जुलै २०२१ नंतर. त्या पहाटे वाशिष्ठीचं पाणी आमच्या तळमजल्यात शिरलं, आम्ही वरच्या मजल्यावर, लाइट गेलेली, मोबाइलला रेंज नाही, आणि बहीण पुण्यात टीव्हीवर चिपळूण बघत बसलेली. आम्ही धडधाकट आहोत हे तिला कळायला दीड दिवस लागला. त्या दीड दिवसात तिची काय अवस्था झाली ते ती अजून सांगते, दर भाऊबीजेला सांगते. पाणी ओसरल्यावर चिखल काढताना ठरवून टाकलं की हे असं परत नको, मग पुस्तकं आणली, परीक्षा दिली, परवाना काढला. (हो, परवाना लागतोच, लेखात ते राहिलंय. केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची डब्ल्यूपीसी शाखा देते, बारा वर्षांचं पोरगंसुद्धा परीक्षा देऊ शकतं, पण ऑनलाइन वॉकीटॉकी मागवला आणि लागलो बोलायला असं चालत नाही.)

आता फोटोचं आधी सांगून टाकतो. दोन मीटरच्या बँडवर, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झमध्ये, साध्या पॅकेटचा वेग सेकंदाला १२०० बिट. आठानं भागा, १५० बाइट. तुमच्या फोनमधला दोन एमबीचा एक फोटो पाठवायचा तर मधे एकही पॅकेट न चुकता पावणेचार तासांच्या आसपास लागतील आणि तेवढा वेळ चॅनल तुम्ही एकट्यानं अडवून बसणार. मराठी मजकूर पाठवायचा तर तिथंही गंमत आहे, देवनागरीच्या एकेका चिन्हाला तीन बाइट लागतात, लक्ष्मी हे नाव देवनागरीत २१ बाइट खातं आणि इंग्रजी स्पेलिंगात पाच. म्हणून आम्ही सगळे रोमनमध्ये टाइप करतो, मराठीचा अभिमान असूनसुद्धा. हॅमवाल्यांची छोटे मेसेज पाठवायची एपीआरएस म्हणून जी पद्धत आहे तिच्यात तर एका मेसेजला ६७ अक्षरांची मर्यादा, म्हणजे जुन्या तारेसारखं मोजूनमापून लिहायचं.

मग कशाला हवं हे, बोलता येतंय की रेडिओवर? बरोबर, आणि खरं सांगायचं तर आपत्तीत हॅमवाल्यांनी आजवर जे नाव कमावलं ते बरंचसं बोलूनच कमावलं. १९९३ ला किल्लारीला, २००१ ला भुजला, आणि २००४ च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद योगायोगानं हॅमच्याच मोहिमेवर अंदमानात होत्या, पोर्ट ब्लेअरहून त्यांनी निरोप पोचवले. पण चाळीस माणसांची यादी तोंडी सांगून बघा एकदा, शिवाय पाऊस पत्र्यावर वाजतोय. कदमचं कदंब होतं, इन्सुलिनच्या १० चे १०० होतात. यादीसाठी पॅकेट, कारण त्यात प्रत्येक पॅकेटच्या शेवटी हिशेबाचे १६ बिट असतात आणि वाटेत एक बिट जरी इकडचं तिकडं झालं तरी पलीकडचं यंत्र ते पॅकेट सरळ टाकून देतं. चुकीचं पोचणार नाही, पोचलं तर बरोबरच पोचेल म्हणायला हरकत नाही. मात्र त्याचाच दुसरा अर्थ असा की जरा कुठं खुट्ट झालं की काहीच पोचत नाही, आणि का पोचत नाही ते कुणी सांगतही नाही.

माझं सामान असं. जुना गाडीत बसवायचा व्हीएचएफ सेट, टेबलावर ठेवलेला. भाच्यानं दिलेला रास्पबेरी पाय नावाचा छोटा कॉम्प्युटर, पत्त्यांच्या कॅटाएवढा, आम्ही त्याला नुसतं पाय म्हणतो. त्याच्या डोक्यावर पिनांवर बसणारा टीएनसीचा बोर्ड, हा मधला दुभाष्या, कॉम्प्युटरची अक्षरं घेऊन त्यांचे १२०० आणि २२०० हर्ट्झचे दोन सूर करतो आणि रेडिओच्या माइकमध्ये सोडतो, उलट दिशेनं कानावर आलेल्या सुरांची अक्षरं करतो. ऐकायला फॅक्ससारखं खर्रर्र वाजतं. आमची ही त्याला "तुमची मांजर" म्हणते. गच्चीवर अँटेना, आणि खाडीच्या बाजूला टेकडीवर एक निवृत्त मास्तर राहतात त्यांच्याकडे दुसरं टोक. सह्याद्रीच्या भिंतीमुळे आमचे सिग्नल सरळ घाटावर चढत नाहीत, त्यामुळे मास्तरांची टेकडी आमचा उंबरठा.

जुन्या पायवर हे सगळं छान चाललं होतं. मग भाच्यानं नवा आणून दिला, पाय ३, "मामा हा जास्त फास्ट आहे, नुसतं मेमरी कार्ड काढून यात टाक". टाकलं. बोर्डावरचा लाल दिवा मास्तरांचं पॅकेट आलं की लुकलुकायचा, म्हणजे रेडिओपासून बोर्डापर्यंत सगळं ठीक, पण स्क्रीनवर काही म्हणजे काही नाही. मी काय केलं, सगळं सॉफ्टवेअर पुसून परत टाकलं. मग अजून एकदा. आठ दिवस गेले.

शेवटी मास्तर आले. मास्तरांचा स्वभाव असा की आल्या आल्या कीबोर्डला हात लावत नाहीत, आधी विचारतात शेवटचं चालत होतं तेव्हापासून काय बदललं. "पाय बदलला." "मग पायकडेच बघू, बोर्ड उतरवा." बोर्ड उतरवला. नुसत्या पायवर जी दोन ओळींची पिनं असतात त्यातल्या बाहेरच्या ओळीत चौथी आणि पाचवी, एक पाठवायची आणि एक घ्यायची, त्या दोन एका इवल्याशा वायरनं एकमेकींना जोडायच्या आणि स्क्रीनवर टाइप करायचं. टाइप केलेलं तसंच परत दिसलं तर पाय निर्दोष. पण मोजताना चष्मा लावून मोजा हो, त्याच ओळीतली पहिली दोन पाच व्होल्टची आहेत आणि डेटाच्या पिनांना ३.३ च्या वर सोसत नाही, चुकून वायर तिथं लागली तर पाय गेला. मी थरथरत्या हातानं वायर धरली, मास्तरांनी टाइप केलं, काही आलं नाही. मास्तर इतके खूश झाले की मला राग आला. "अहो भाऊ, अर्धं घर शोधून झालं, चोर या खोलीत आहे."

चोर म्हणजे ब्लूटूथ. पाय ३ हा २०१६ ला आला तो अंगात ब्लूटूथ घेऊनच, आणि ज्या चांगल्या सिरियल पोर्टवर, म्हणजे अक्षरं एकामागून एक ये-जा करायच्या वाटेवर, आधी आपल्या पिना होत्या तो पोर्ट त्यांनी ब्लूटूथला दिला. पिनांच्या वाट्याला दुसरा, धाकटा पोर्ट, आणि त्याचा वेग प्रोसेसरच्या घड्याळाला बांधलेला, घड्याळ स्थिर ठेवायला सांगितलं नाही तर बिघडणारा. हे सगळं कंपनीनं लिहून ठेवलेलं आहे, लपवलेलं नाही, मी वाचलं नव्हतं एवढंच. मला ब्लूटूथ कशाला हवंय, कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ घालून ते बंद केलं, चांगला पोर्ट परत पिनांवर आला. तरी कचरा! कारण पायला सवय असते, सुरू होताना स्वतःची सगळी जन्मकुंडली त्याच वायरवरून वाचून दाखवतो आणि मग लॉगिन विचारत बसतो. बिचारा टीएनसी ते सगळं आपल्यालाच सांगताहेत समजून गोंधळतो. ते सिरियल कन्सोल बंद केलं, रीस्टार्ट केलं, वायर लावली, मास्तरांनी टाइप केलं आणि अक्षरं परत आली. मी खरंच टाळी वाजवली.

जाता जाता, यूएसबी साउंडकार्ड लावून टीएनसीचं काम सॉफ्टवेअरकडून करून घ्यायची पद्धतही आहे, स्वस्त पडते, कॉलेजची मुलं तेच करतात. तिथं पिनांची भानगड नाही पण रीस्टार्टनंतर साउंडकार्डाचा नंबर बदलतो आणि प्रोग्रॅम बिनआवाजाच्या कार्डाकडे कान लावून बसतो, हे मी एका पोराच्या घरी बघितलंय. आणि त्याच्या चिनी हँडसेटमध्ये बॅटरी वाचवायचा मोड चालू होता, सेट झोपेतून उठेपर्यंत पॅकेटचं डोकं उडालेलं असायचं. तो मोड बंद केला, झालं.

मग सुरू झाला दुसरा प्रकार. मला सगळ्यांचं दिसतंय, माझं कुणालाच दिसत नाही. माणसाला वाटतं पॉवर कमी पडतेय, म्हणून वाढवायची, मीही वाढवली. पॉवरचा संबंधच नव्हता. सुरांचा आवाज जास्त होता. बोर्डावर एक पिटुकला स्क्रू असतो, तो पिळून माइकमध्ये किती आवाज जायचा ते ठरतं, आणि मी तो पार शेवटपर्यंत पिळून ठेवला होता कारण मोठ्यानं बोललं की लांब ऐकू जातं अशी आपली समजूत. एफएममध्ये आवाज वाढवला की सिग्नल फाकतो, समोरच्या रेडिओत मावत नाही आणि सूर चिरकतात. मास्तरांनी त्यांच्या रेडिओवर आधी माझा बोलतानाचा आवाज ऐकला, मग पॅकेट, मला फोनवर सांगत होते, "कमी, अजून कमी, अजून... हां, थांबा." जिथं थांबलो तिथून ते दरवेळी वाचू लागले. त्यानंतर राहिला तो टीएक्स डिले, बटण दाबल्यापासून रेडिओ खऱ्या अर्थानं बोलायला लागेपर्यंत किती थांबायचं ते. माझा सेट म्हातारा, त्याला घसा खाकरायला वेळ लागतो, मी आकडा ३० ठेवला होता म्हणजे ३०० मिलिसेकंद, ५० केला. फोन चालू होता म्हणून हे जमलं हेही लक्षात घ्या. पुरात फोनवरून "अजून कमी" कोण सांगणार?

आणि मग पावसाळा. गेल्या वर्षी जुलैच्या मध्यावर, आम्ही मुद्दाम लाइट नसताना बॅटरीवर चाचणी घ्यायचं ठरवलं, संध्याकाळी सातला, मास्तर तिकडं तयार. मी दहा नावांची यादी टाइप केली, पाठव म्हटलं, रेडिओनं खर्रर्र केलं आणि पाय बंद पडून परत सुरू झाला. परत पाठवलं, परत तेच. रेडिओ पाच वॉटवर ठेवला की चालतंय, पंचवीसवर नेला की पाय मरतोय. बाहेर धो धो पाऊस, वाशिष्ठी फुगलेली, आणि मी कंदिलाच्या उजेडात एका कॉम्प्युटरला शिव्या घालतोय.

स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकत होती, ती माझ्या डोळ्याला दिसत होती, पण इतके दिवस ती दिसत असून काही बिघडलं नव्हतं म्हणून मी तिला देवघरातल्या पालीसारखं सोडून दिलं होतं. ती वीज म्हणजे पायला मिळणारा व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेला. आतल्या आत विचारायची कमांड आहे, ती चालवली तर ५०००५ असा आकडा आला. शेवटचा ५ म्हणजे आत्ता या क्षणी व्होल्टेज कमी आहे आणि त्यामुळे प्रोसेसर मंदावलाय, पहिला ५ म्हणजे सुरू झाल्यापासून हेच होत आलंय. बारा व्होल्टच्या बॅटरीतून पाच व्होल्ट करणारं मॉड्यूल बरोबर होतं, मीटर लावून बघितलं, मॉड्यूलवर ५.१. पायच्या तोंडाशी ४.५. मधल्या मधे गेले कुठे? केबलमध्ये. फोन चार्ज करायची केसासारखी बारीक केबल, मीटरभर लांब, ती तांब्याच्या नावाखाली काय आहे देव जाणे. जाड वायर आणून वीतभर केबल स्वतः बनवली, वीज गायब, आकडा शून्य. मी मास्तरांना फोन करून मोठ्या ऐटीत सांगितलं की सापडलं.

सापडलं कसलं. पंचवीस वॉटवर पाय परत मेला.

इथंच बरेच लोक कंटाळून सामान गुंडाळतात असं मला वाटतं, एक खरा दोष सापडतो, तो काढतो, आणि तरी चालत नाही म्हटल्यावर आपला स्वतःवरचाच विश्वास उडतो. दोष एकाच वेळी दोन असू शकतात हे कुणी सांगत नाही. मास्तरांनी सांगितलं डमी लोड लावा. डमी लोड म्हणजे अँटेनाच्या जागी नुसता ५० ओहमचा रेझिस्टन्स, पॉवर हवेत न जाता त्यात गरम होऊन जिरते. विकतचा नव्हता, एक किलोओहमचे, दोन वॉटचे, कार्बनचे वीस रेझिस्टर आणून दोन तांब्याच्या चकत्यांमध्ये समांतर डाखले, हजार भागिले वीस पन्नास. पंचवीस वॉटवर यादी पाठवली, रेझिस्टर कोमट झाले, पाय ढिम्म हलला नाही. परत अँटेना लावली, मेला. म्हणजे बोर्ड ठीक, सॉफ्टवेअर ठीक, सप्लाय आता ठीक, दोष छताच्या वर आहे.

जी पॉवर अँटेनातून बाहेर पडायला हवी ती परत फिरून केबलच्या जाळीवरून खोलीत येत होती आणि टेबलावरच्या वायरींमध्ये घुसत होती. १४४ मेगाहर्ट्झच्या लहरीची पाव लांबी साधारण अर्धा मीटर, आणि आपल्या यूएसबीच्या, माऊसच्या, सप्लायच्या वायरी बरोब्बर त्याच मापाच्या असतात, म्हणजे टेबलावर मी नकळत चार अँटेना पसरून ठेवल्या होत्या. वायरीत शिरणारी रेडिओची लहर अडवणारे फेराइटचे क्लिप आणून वायरींना लावले, थोडा फरक पडला, पंधरा वॉटपर्यंत टिकायला लागला. पण ते म्हणजे गळत्या छपराखाली बादली ठेवणं. अँटेनाकडून किती पॉवर परत फिरते ते दाखवणारा एसडब्ल्यूआर मीटर लावला (काटा एकाच्या जितका जवळ तितकं चांगलं), तर मे महिन्यात १.२ दाखवलेला काटा तीनच्या पुढे.

ऑगस्टमध्ये एक दिवस उघडीप मिळाली तेव्हा गच्चीवर चढलो. अँटेनाच्या खालचा कनेक्टर, त्याला मी साधी काळी इलेक्ट्रिकची टेप गुंडाळली होती, ती उन्हानं सुटून शेपटीसारखी लोंबत होती. कनेक्टर फिरवला, जड गेला, मग एकदम सुटला आणि आतून माझ्या मनगटावर पाणी ओघळलं. थेंब नाही, धार. मधली पिन हिरवी, तांब्याच्या जुन्या घंगाळाला चिंच न लावता वर्षभर ठेवलं की जसा हिरवा थर येतो तसा. केबलचं काळं आवरण वीतभर सोललं, जाळी चॉकलेटी झालेली, अजून हातभर सोललं तरी तेच. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं जाळीतून पाणी उतरत जातं, कोकणात चार महिने त्याला दुसरं काम काय. एकंदर चार मीटर केबल कापून टाकली तेव्हा कुठं चकचकीत तांबं दिसलं.

नवा कनेक्टर डाखला, त्यावर आधी ताणून लावायची ती रबरी टेप, स्वतःला स्वतः चिकटणारी, आणि तिच्यावर ऊन लागू नये म्हणून काळी टेप, खालून वर गुंडाळत, म्हणजे कौलं जशी एकावर एक येतात तशी आणि पाणी घसरून जातं. केबल घरात शिरते तिथं तिला खाली एक झोळ दिला, पाणी झोळाच्या टोकाशी ठिबकेल, भिंतीत नाही येणार. काटा परत १.३ वर. त्या रात्री पंचवीस वॉटवर दहाच्या दहा नावं मास्तरांकडे गेली आणि त्यांनी ती मला उलट पाठवली, एक कानामात्रा न चुकता, रोमनमध्ये असली तरी.

या सगळ्या रीस्टार्टमध्ये मेमरी कार्डं मेली ते वेगळंच. लिहिता लिहिता करंट गेला की कार्डावरची फाइल फाटते. आता चालू कार्डाची हुबेहूब नक्कल करून एक कार्ड जुन्या फिल्म रोलच्या डबीत, तांदळाचे दाणे घालून ठेवलंय. आणि एक गोष्ट जी पुरात खरंच नडेल, माझ्या या पायला स्वतःचं घड्याळ नाही, तो वेळ इंटरनेटवरून घेतो. लाइट जाऊन आली आणि नेट नसेल तर तो बंद पडला त्याच वेळेपासून पुढे मोजायला लागतो, मग "पाणी दुसऱ्या पायरीला" हा मेसेज दुपारचा की पहाटेचा ते कुणाला कळणार? सेल घातलेलं घड्याळाचं छोटं मॉड्यूल मिळतं, फार महाग नसतं, तेही त्याच पिनांवर बसतं. लेखातल्या खरेदीच्या चौकटीत हे नव्हतं.

आता हे तुम्हाला कशासाठी लिहिलं. मधे एका कार्यालयात, नाव घेत नाही, अशा प्रसंगासाठी म्हणून ठेवलेला संच बघायचा योग आला. सामान उत्तम, माझ्यापेक्षा कितीतरी भारी. सेटवरचं प्लास्टिक काढलेलं नव्हतं. बॅटरीला मीटर लावला तर नऊ व्होल्ट, म्हणजे चार्जिंगला लावायची कुणाची जबाबदारी ते ठरलेलंच नव्हतं. केबलचं भेंडोळं गुंडाळून कोपऱ्यात, एका टोकाला कनेक्टर, दुसऱ्या टोकाला नाही. छोटा कॉम्प्युटर होता, त्याचा पासवर्ड ज्यांना माहीत ते बदलून गेलेले. आणि हे सगळं बघायला आम्ही पाऊण तास बाहेर बाकावर बसलो होतो कारण कपाटाची चावी ज्यांच्याकडे असते ते रजेवर. तिथला माणूस भला होता, त्यानं चहा पाजला, म्हणाला, "साहेब, सगळं आहे बघा आपल्याकडे, जोडलं की झालं."

म्हणून विनंती एवढीच, मे महिन्यात तुम्ही मान्सूनपूर्व तयारीच्या बातम्या छापता, होड्या किती, लाइफ जॅकेट किती, त्या यादीत वायरलेस संच अमुक इतके असाही आकडा असतो. तुमच्या वार्ताहराला यंदा सांगा की आकडा लिहून घेऊन परत येऊ नका. समोर उभं राहून म्हणा, मेन स्विच बंद करा आणि शेजारच्या तालुक्याला दहा नावांची यादी पाठवून दाखवा. किती मिनिटं लागली ते छापा. आमच्याकडे आलात तरी चालेल, मास्तरांची आणि माझी चाचणी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी असते, पाऊस असेल तर नक्कीच असते.

आपला,
एक हॅम वाचक, चिपळूण

ता. क. : लेखासोबत छापलेल्या फोटोतली अँटेना हॅमची नाही, जुन्या दूरदर्शनची आहे. तिच्यावर कावळा बसलाय तो मात्र आमच्याकडेही येतो.